१९५६च्या आधीचे चिंतामणराव : प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

३ जून

ग्रंथालयाच्या बैठकीत विषय ठरला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्यावर फलक-प्रदर्शन. उद्घाटन ११ ऑगस्टला, कारण १९४३ साली त्याच तारखेला ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. मजकूर माझ्याकडे, मांडणी आणि चित्रं कलाशिक्षण घेतलेल्या एका मुलीकडे, तपासणी शाळेतल्या इतिहासाच्या बाईंकडे. जुन्या नोटा आणि नाणी एक संग्राहक उसनी देणार आहेत.

बैठकीत ज्याच्या त्याच्या तोंडी राजीनामाच. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं, नेहरूंना सुनावलं, वगैरे. कार्यवाह म्हणाले, "पहिला फलक राजीनाम्याचा करा, लोक तिथेच थांबतील." थांबतील, आणि तिथूनच घरी जातील, अशी माझी शंका. राजीनामा दिला तेव्हा ते साठीला पोहोचले होते. त्याआधी हा माणूस आयुष्याची ऐन वर्षं इंग्रज सरकारच्या नोकरीत, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये (आय.सी.एस.) होता, आणि नोकरीही कसली, तर तिजोरीची. आपल्याकडच्या भाषणांत ती वर्षं "आय.सी.एस. झाले, पुढे गव्हर्नर झाले" एवढ्या एका वाक्यात उरकतात. माझा प्रस्ताव असा की प्रदर्शन १९४९ला संपवायचं आणि राजीनामा शेवटच्या फलकाच्या तळाशी चार ओळींत.

वाद झाला. चहा आल्यावर कार्यवाह "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे होकार.

७ जून

फलक १ आणि २ एका बैठकीत लिहून टाकले. जन्म १४ जानेवारी १८९६, महाडहून रायगडाकडे जाताना लागणाऱ्या नाते गावी. घराणं रोह्याचं, वडील वकील. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१५ला, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात. १९१८ला आय.सी.एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक. ती परीक्षा तेव्हा फक्त लंडनलाच होत असे.

या नंबरांच्या माळेत मला रस नाही, पण एक गोष्ट ठळक छापायला सांगितली आहे. केंब्रिजला त्यांचे विषय वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१७ला वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळालं. पुढे अख्ख्या देशाचं चलन सांभाळलेल्या या माणसाने पदवीला अर्थशास्त्र घेतलंच नव्हतं. आय.सी.एस.चा खाक्याच तो. हुशार पोरगा उचलायचा, प्रांतात टाकायचा, बाकीचं शिक्षण फायली देतील.

१५ जून

फलक ३ : मध्य प्रांत व वऱ्हाड. इथे मात्र रेंगाळलो.

नव्या आय.सी.एस. अधिकाऱ्याचं वित्तखात्याचं खरं शिक्षण जमाबंदीत होई, आणि देशमुख रायपूरला जमाबंदी अधिकारी होते. हे काम काय असतं ते आज कोणाला माहीत नाही, म्हणून अर्धा फलक त्याच्यावरच घालवला. गावोगाव फिरायचं, शेताशेताचा प्रकार नोंदवायचा, पीक काय, बाजारभाव काय, कुळ किती देतं हे तपासायचं आणि त्यावरून पुढच्या वीस-तीस वर्षांचा सारा ठरवायचा. मध्य प्रांतात मधे मालगुजार. तो कुळांकडून वसूल करणार, ठरलेला हिस्सा सरकारात भरणार. छत्तीसगडात जमिनीचे प्रकारही लोकांच्या तोंडचेच : कन्हार म्हणजे काळी कसदार, डोरसा मधली, मटासी पिवळसर, भाठा म्हणजे मुरमाड माळ. एकाच गावात चारही सापडतात आणि प्रत्येकीचा दर वेगळा. केंब्रिजला वनस्पती आणि खडक शिकलेला माणूस या कामात परका वाटला नसणार, असा माझा अंदाज. फलकावर अंदाज घातलेला नाही.

इतिहासाच्या बाईंनी विचारलं, "हे शोषणाचंच यंत्र ना?" होय. साऱ्याचा आकडा चुकला तर दोन-तीन दशकं गाव भोगतं. म्हणून ते यंत्र चालायचं कसं हे दाखवलंच पाहिजे. नुसतं "ब्रिटिशांनी लुटलं" असं लिहून मुलांच्या हातात काही पडत नाही.

१९३१चा प्रसंग याच फलकावर खाली. रजेवर लंडनला असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या चिटणिसांपैकी एक म्हणून त्यांना घेतलं. त्या परिषदेला काँग्रेसतर्फे गांधीजी बसले होते आणि देशमुख सरकारच्या कागदपत्रांच्या बाजूला. हे कोणत्याही विशेषणाशिवाय छापायचं.

२२ जून

फलक ४ लिहिला. विषय रुक्ष, पण गाळणार नाही.

देशमुख तेव्हा मध्य प्रांताचे वित्तसचिव. त्या पदाचा मोठा पेच म्हणजे प्रांत गरीब. उत्पन्न सारा आणि अबकारीवर, दोन्ही पावसावर अवलंबून. १९३५च्या कायद्याने प्रांतांना स्वायत्तता देण्याचं ठरलं, तेव्हा पैसे कसे वाटायचे हे पाहायला लंडनहून सर ओटो निमायर आले. १९३६ साली मध्य प्रांताच्या राजधानीची, नागपूरची बाजू त्यांच्यापुढे मांडण्याचं काम देशमुखांचं. निमायरनी प्राप्तिकरातला निम्मा हिस्सा प्रांतांना द्यायचा ठरवून त्याची टक्केवारी लावली : मुंबई २०, बंगाल २०, मद्रास १५, संयुक्त प्रांत १५, बिहार १०, पंजाब ८, मध्य प्रांत ५, आसाम, ओरिसा आणि सिंध प्रत्येकी २, वायव्य सरहद्द १. मध्य प्रांताचं जुनं तुटीचं कर्जही माफ झालं.

मुलीने विचारलं, "काका, पाच टक्क्यांसाठी एवढं?" मी म्हटलं, आजही वित्त आयोग येतो तेव्हा प्रत्येक राज्य हेच करतं. फलकावर टक्क्यांची आडवी पट्टी काढायचं ठरलं. मुंबईचा मोठा पट्टा आणि मध्य प्रांताची चिंचोळी फट शेजारी-शेजारी दिसली की मजकूर कमी लागेल.

१ जुलै

फलक ५ : बँक. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ला सुरू झाली. मध्यवर्ती कचेरी आधी कलकत्त्यात, १९३७पासून मुंबईत. पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ, दुसरे सर जेम्स टेलर. देशमुख जुलै १९३९मध्ये तिथे गेले ते संपर्क अधिकारी म्हणून, म्हणजे बँकेत काय चाललंय ते सरकारला कळवणारा सरकारचा माणूस. असा माणूस कुठल्याही कचेरीत कितपत आवडता असतो हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको. तीन महिन्यांत ते मध्यवर्ती मंडळाचे चिटणीस झाले, १९४१च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर. फेब्रुवारी १९४३मध्ये टेलर वारले आणि ११ ऑगस्टला देशमुख त्या खुर्चीवर बसले. मधले सहा महिने खुर्ची कायम माणसावाचून होती. त्या खुर्चीवरचे ते पहिले हिंदी गृहस्थ.

८ जुलै

फलक ६. सगळं प्रदर्शन या एका फलकासाठी आहे असं मी धरून चाललोय. चारदा फाडला.

प्रश्न साधा : दुसऱ्या महायुद्धाचा इथला खर्च कोणी दिला? इंग्लंडला हिंदुस्थानातून सैनिक हवे होते, शिवाय कापड, तंबू, बूट, धान्य आणि रेल्वेचं सामान. विकणारा रुपये मागणार. नोव्हेंबर १९३९मध्ये करार झाला. शांततेच्या काळात लष्करावर होणारा नेहमीचा खर्च, भाववाढ धरून, आणि देशाच्या स्वतःच्या संरक्षणाचा जादा खर्च हिंदुस्थानचा, बाकीचा जवळजवळ सगळा इंग्लंडचा. कागदावर करार वाईट नाही. मेख पैसे चुकते करण्याच्या रीतीत होती. इंग्लंड आपला वाटा लंडनमध्ये पौंडांत जमा करी. रिझर्व्ह बँक ते पौंड, म्हणजे प्रत्यक्षात ब्रिटिश सरकारचे रोखे, आपल्या मालमत्तेत घेई आणि तेवढ्याच्या नोटा इथे काढी. दर ठरलेला : रुपयाला एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै.

रिझर्व्ह बँकेच्या १९३४च्या कायद्याप्रमाणे नोटांमागे निदान दोन-पंचमांश मालमत्ता सोन्यात किंवा स्टर्लिंगमध्ये, म्हणजे पौंडांत, असायला हवी. किमान हद्द होती, कमाल नव्हती. शिवाय ठरल्या दराने स्टर्लिंग विकत घेणं बँकेवर बंधनकारक. त्यामुळे लंडनमध्ये रोखे साठत गेले आणि इथे नोटा वाढत गेल्या, अगदी कायद्याच्या चौकटीत. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा लोकांच्या हातात होत्या, युद्ध संपताना सुमारे १,२०० कोटींच्या. माल मात्र लष्कराकडे गेलेला.

दुसरी बाजूही त्याच फलकावर. पिढ्यान्पिढ्या हिंदुस्थान लंडनचा ऋणको. रेल्वेसाठी, लष्करासाठी काढलेलं तीनशे दशलक्ष पौंडांहून जास्त कर्ज युद्धाच्या वर्षांत फिटलं आणि वर येणं उरलं. १९४५-४६च्या अखेरीस ते १,७३३ कोटी रुपयांवर, म्हणजे सुमारे १,३०० दशलक्ष पौंडांवर गेलं. घेणेकऱ्याच्या दारात देणेकरी उभा राहिला.

बँकेच्या काउंटरमागे सगळी नोकरी काढलेल्या माणसाला हा ताळेबंद पाहून आधी अभिमान वाटतो आणि मग पोटात गोळा येतो. हे येणं म्हणजे इथल्या लोकांनी महागाईच्या रूपाने सोसलेली सक्तीची बचत. खातं देशाच्या नावावर, पैसे काढायची मुभा देणेकऱ्याच्या हाती.

१४ जुलै

संग्राहक नाणी घेऊन आले. दोन तास गेले, पण फलक ६ला जे जमलं नाही ते काचेखालच्या चार वस्तू करून दाखवतील.

राणी छाप रुपया, अकरा-बारांश चांदीचा. युद्ध सुरू होताच लोकांनी रुपये हंड्यांत घातले. म्हणून १९४०मध्ये सरकारने एक रुपयाची नोट आणली, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि व्हिक्टोरियाची नाणी मार्च १९४१अखेर व्यवहारातून काढली. पुढे सुट्ट्या पैशांचीही टंचाई. १९४३चा भोकाचा पैसा : तांबं वाचवायला मधलं भोक.

क्रम ठरला : राणी छाप, निम्म्या चांदीचा रुपया, एक रुपयाची नोट, भोकाचा पैसा. प्रत्येकाखाली फक्त साल आणि धातू. वर मथळा नको. संग्राहकांच्या अटी : काच बंद, कुलूप त्यांचं, फ्लॅश बंद.

१९ जुलै

बाईंनी फलक ६ परत पाठवला, समासात एकच शब्द : "बंगाल?"

बरोबर. देशमुख गव्हर्नर झाले ते ऑगस्ट १९४३मध्ये, म्हणजे बंगालचा दुष्काळ ऐन भरात असताना. १९४२मध्ये ब्रह्मदेश पडल्यावर तिकडचा तांदूळ बंद, ऑक्टोबरात मेदिनीपूरला वादळ, जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या आणि धान्य हलवलेलं, प्रांतांनी एकमेकांची धान्यवाहतूक अडवलेली. या सगळ्यावर युद्धाच्या पैशाने चढलेले भाव. ज्याची मजुरी भावाबरोबर वाढली नाही तो शेतमजूर, कोळी, कारागीर आधी मेला. मृतांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात.

कार्यवाहांचं मत, आपल्या माणसाच्या प्रदर्शनात हे कशाला. मी बाईंच्या बाजूने. नोटा देशमुखांनी ठरवून वाढवल्या नाहीत. धोरण लंडनचं आणि दिल्लीचं, टेलरांच्या काळापासून चालत आलेलं. गव्हर्नराच्या हाती होते ते बाजारातला पैसा शोषून घेण्याचे उपाय : सरकारी कर्जरोखे खपवणं आणि १९४३पासून इंग्लंड-अमेरिकेच्या वतीने इथे सोनं विकणं. पण नव्या नोटांवर सही त्यांची होती, आणि सहीचा माणूस दाखवायचा तर सही कशाखाली होती तेही दाखवायला हवं. दोष देणारा किंवा काढून घेणारा शब्द न वापरता फलक ६चा खालचा तिसरा भाग बंगालला दिला. बाईंनी तिथे विष्णुनामासारखी विशेषणं पेरली होती, ती मी उपटली. त्यांनी माझं एक "तथापि" उपटलं.

२६ जुलै

फलक ७ : ब्रेटन वुड्स, युद्धानंतरची जगाची नाणेव्यवस्था ठरवणारी परिषद. १ ते २२ जुलै १९४४, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं माउंट वॉशिंग्टन हॉटेल, ४४ देश. हिंदुस्थानच्या मंडळाचे प्रमुख व्हाइसरॉयच्या कार्यकारिणीतले वित्तसदस्य सर जेरेमी रेझमन. सोबत थिओडोर ग्रेगरी, देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. स्वातंत्र्याला अजून तीन वर्षं होती, तरी खुर्चीवर पाटी "इंडिया" अशी स्वतंत्र.

इथे हे प्रदर्शन मला हवं तिथे पोहोचतं. गव्हर्नर नोटा काढणं नाकारू शकत नव्हता, पण त्या बदल्यात जमलेलं येणं बुडू नये म्हणून जोर लावू शकत होता. इंग्लंडात तेव्हा चर्चिलसकट कितीतरी जण म्हणत होते की हिंदुस्थानचं रक्षण आम्ही केलं, तेव्हा उलट हिशेब लावा आणि रक्कम छाटा. हिंदी मंडळाची मागणी होती की तिथे ठरणाऱ्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने या युद्धकालीन शिलकांचा काही भाग तरी मोकळा करायची सोय करावी. इंग्लंडचे प्रतिनिधी, अर्थतज्ज्ञ केन्स नाही म्हणाले : हा आमचा आणि आमच्या धनकोंचा आपसातला मामला, आम्ही तो सचोटीने मिटवू. श्रॉफ तिथे म्हणाले की आमची गत बँकेत दहा लाख डॉलर असून टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात रोकड नसलेल्या माणसासारखी होते आहे. हे वाक्य मुलीने मोठ्या अक्षरात घेतलंय, घेऊ दे.

मागणी फेटाळली गेली. हाताला लागला तो निधीतला कोटा, म्हणजे वर्गणीचा वाटा : ४०० दशलक्ष डॉलर. अमेरिका २,७५०, इंग्लंड १,३००, रशिया १,२००, चीन ५५०, फ्रान्स ४५०, मग आपण, सहावे. रशिया तेव्हा निधीत आलाच नाही, म्हणून आपण पाचवे झालो आणि पहिल्या पाचांना संचालक नेमायचा हक्क होता. एका गुलाम देशाला ही जागा मिळाली, यात मंडळाच्या चिकाटीइतकंच नशीबही आहे. दोन्ही लिहिलं.

आणि त्या येण्याचं काय झालं? बुडालं नाही. १९४८च्या करारात १०० दशलक्ष पौंड इंग्रजांनी इथे मागे ठेवलेल्या लष्करी सामानापोटी वळते झाले आणि सुमारे १६८ दशलक्ष निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनीसाठी. साहेब घरी गेले आणि त्यांचं पेन्शन आपल्याच येण्यातून कापलं गेलं. या वाक्यावर कार्यवाह पहिल्यांदा हसले.

३१ जुलै

फलक ८साठी संग्राहकांनी दाखवलेली नोट पाहून आधीचा मजकूर बाजूला ठेवला. नोटेवर सहाव्या जॉर्ज राजाचा चेहरा, खाली सी. डी. देशमुख ही सही, आणि वर इंग्रजी व उर्दूत "पाकिस्तान सरकार" असा जादा छाप.

फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे ना मध्यवर्ती बँक, ना नोटांचा छापखाना. म्हणून दोन्ही देशांची बँक काही काळ रिझर्व्ह बँकच राहिली, ३० जून १९४८पर्यंत. दुसऱ्या दिवशी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान उघडली. मधल्या काळात तिथे चाललेल्या या नोटांवर नाते गावात जन्मलेल्या माणसाची सही.

रोख शिलकीत पाकिस्तानचा वाटा ७५ कोटी. २० कोटी आधी दिले, ५५ राहिले, आणि काश्मीरची लढाई सुरू झाल्यावर दिल्लीने ते अडवले. कराचीने बँकेकडे तगादा लावला. बँकेचं उत्तर, सरकारच्या आज्ञेशिवाय देता येत नाहीत. १३ जानेवारी १९४८ला गांधीजींचं उपोषण सुरू झालं, १५ला सरकारने पैसे सोडायचं ठरवलं. एकाच वेळी दोन सरकारांचा बँकर असणं म्हणजे काय, याचं याहून अवघड उदाहरण मला ठाऊक नाही. त्या महिन्यांतला पत्रव्यवहार हा खरं तर नाटकाचा विषय. फलकात मावत नाही.

५ ऑगस्ट

दोन वाद मिटवले.

एक, "सर". १९४४ला त्यांना नाइटहूड मिळाला. मुलीला तो किताब मथळ्यातून काढायचा होता, कार्यवाहांना मथळ्यातच हवा होता. सनावळीत एक ओळ, मथळ्यात "चिंतामण द्वारकानाथ देशमुख".

दोन, रोझिना. १९२०मध्ये त्यांनी रोझिना विलकॉक्स या इंग्रज तरुणीशी लग्न केलं, पुढे एक मुलगी झाली. दुर्गाबाईंशी विवाह १९५३चा. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "दुर्गाबाई लिहा, बाकी राहू द्या." राहू दिलं नाही. आमची सनावळ १९४९ला थांबते आणि त्या वर्षांत घरात रोझिनाच होत्या.

शेवटचा फलक ९ : १ जानेवारी १९४९ला बँकेचं राष्ट्रीयीकरण, ३० जूनला देशमुख निवृत्त. १९५०मध्ये अर्थमंत्री, १९५६मध्ये राजीनामा, पुढे विद्यापीठ अनुदान आयोग, १९५९ला मॅगसेसे पुरस्कार, १९८२मध्ये हैदराबादला निधन. राजीनाम्याच्या चार ओळींच्या आठ झाल्या. कार्यवाहांचा एवढा मान राखायलाच हवा.

८ ऑगस्ट

छापील नमुने आले. फलक ४ची पट्टी छान उतरली आहे, ओरिसा आणि सिंधचे रंग तेवढे बदलायचे. फलक ६चा मजकूर अजून लांब आहे; बंगालला हात न लावता करारातल्या दोन ओळी कापल्या. फलक ७वर श्रॉफांचं वाक्य देशमुखांच्या फोटोखाली आलंय, लोक ते त्यांचंच समजतील. खालच्या कोपऱ्यात हलवायला सांगितलं, नावासकट. लॅमिनेशन मॅट, चकाकीवर दिवा पडला की वाचता येत नाही. नाण्यांच्या काचेला कुलूप उद्या संग्राहक स्वतः लावणार, किल्ली दुपारपर्यंत कार्यवाहांकडे.